सिंक बाकी आहे

"याचा उजेडच गेलाय. धुक्यातून बघावं तसं दिसतंय सगळं."

माझ्या पडद्याला नाक लावून बाबा पुटपुटले. त्यांच्या श्वासाची वाफ काचेवर धरली आणि जे काही दिसत होतं तेही झाकलं गेलं. त्यांनी ते बाहीने पुसलं. बाहीवर लाकडाचा भुसा होता. आता काचेवर भुसाही आला.

"जुनं झालंय हो ते," आई लगेच म्हणाली.

"हो बाबा, जुनंच झालंय," पलीकडून त्यांची मुलगी म्हणाली.

एरवी या मायलेकींचं कपाटाच्या मुठीवरही एकमत होत नाही. माझ्या म्हातारपणावर मात्र दोघींचं चटकन जमलं. आणि माझा उजेड तेव्हा पूर्ण चढवलेला होता, मित्रांनो. त्याहून जास्त हवा असता तर मला छताला टांगावं लागलं असतं.

तर, मी एक जुना टॅबलेट आहे. थांबा, हे अर्धंच झालं. मी एक जुना लॅपटॉपही आहे. माझा पडदा कीबोर्डाच्या बिजागरीतून उपटला की मी टॅबलेट होतो, काखेत मारून कुठेही नेता येतो. परत टेकवला की टक् असा आवाज होतो आणि मी लॅपटॉप होऊन टेबलावर बसतो. एका देहाचे दोन अवतार. लोक दोन यंत्रं बाळगतात आणि एक नेहमी घरी विसरतात. मला निम्मा विसरणं अवघड आहे.

माझा जन्म एका भल्या मोठ्या कारखान्यात झाला. वरचा भाग एका सरकत्या पट्ट्यावर, खालचा दुसऱ्यावर. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईंनी दोघांना जोडलं, कान देऊन तो टक् ऐकला आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. त्यानंतर दुकानाच्या कपाटात मात्र बरेच दिवस टोमणेच ऐकले. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," एक गिऱ्हाईक मला बघून म्हणालं आणि साधा लॅपटॉप घेऊन गेलं. मी मनाला लावून घेतलं नाही. दोन्ही घरी जेवण्याची माझी तयारी होती.

मग एक दिवस बाबा आणि त्यांची मुलगी आली. मुलीने माझा वेग विचारला, पेन चालवून पाहिलं. बाबांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी पडदा उपटला, परत बसवला, पुन्हा उपटला. बिजागरीवरून अंगठा फिरवला.

"सांधा बरा बसलाय," ते म्हणाले. "ज्याने केलाय तो काम जाणतो. घे."

लाकडात जन्म काढलेल्या माणसाने सांध्याची तारीफ करणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायला एखादं कपाट स्वतः बनवावं लागेल. त्यांनी उरलेल्या लाकडातून मला एक पेटीही करून दिली, आत मऊ कापड लावून. दुकानात एवढे महागडे भाऊबंद होते माझे. पेटी एकालाही नव्हती.

या घराचा धंदा स्वयंपाकघरं बनवण्याचा. ओटे, कपाटं, मांडण्या. कार्यशाळा घराच्या मागच्या अंगाला, आणि तिच्या दारातून थेट आईच्या स्वयंपाकघरात जाता येतं. बाबा कापतात आणि जोडतात. आई घासते आणि पॉलिश करते. मुलगी गिऱ्हाइकांकडे जाऊन मापं घेते आणि आराखडे काढते. मी आल्यापासून तिच्या पिशवीतली कागदांची गुंडाळी गेली. गिऱ्हाइकाच्या घरी ती पेनाने माझ्या पडद्यावर ओटा काढायची आणि घरी परतायच्या आधीच तो ओटा बाबांच्या मोबाइलवर दिसायचा.

हे कसं, तर सिंक होऊन. मुलगी माझ्यावर जे लिहिते ते दूरच्या एका मोठ्या यंत्रात चढतं, आणि तिथून बाबांच्या आणि तिच्या मोबाइलवर उतरतं. इथे एक रेघ पुसली की तिकडेही पुसली जाते. आम्ही तिघं म्हणजे एकाच घरातली तीन भावंडं, एकाला खाऊ मिळाला की तिघांची तोंडं गोड. फक्त मध्ये इंटरनेट लागतं. ते नसलं की आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

पहिल्या आठवड्यातच मुलगी कार्यशाळेतून ओरडली होती, "आई, सिंक होत नाहीये गं!" आई हातात रबरी पंप घेऊन धावत आली. "बाजूला हो, बघू. पुन्हा भुसा टाकला ना कुणी?" स्वयंपाकघरातलं भांडी घासायचं सिंक कोरडं ठणठणीत होतं. बाबा इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. त्या दिवसापासून घरात सिंक अडलं की सगळे म्हणत, "तुंबलंय." आणि झालं की म्हणत, "चढलं वर." शब्दाचा घोळ मिटला. निदान मला तसं वाटलं.

वर्षं भरभर गेली. मी किती घरांच्या ओट्यांवर बसलो, मोजलं नाही. माझ्या एका कोपऱ्याला पॉलिशचा डाग पडला, कीबोर्डच्या फटींत सागवान शिरलं. तरी सांधा पहिल्या दिवसासारखाच टक् वाजतो, हे मी अभिमानाने सांगतो.

मग बाबांची तक्रार सुरू झाली. आधी त्यांनी अक्षरं मोठी करून घेतली. मग आणखी मोठी. मग आकडा बघायची वेळ आली की ते आईला हाक मारू लागले, "अगं, जरा वाच. माझे हात भरलेत." आई यायची, मोठ्याने आकडा वाचायची आणि जायची. मी टेबलावरच असायचो. बाबांचे हात चांगले स्वच्छ असायचे. ते आईलाही दिसत होतं, पण ती कधी काही बोलली नाही. मुलीने आराखड्यातले आकडे जाड काढायला घेतले. "नवीन पद्धत आहे बाबा, आता सगळीकडे असंच असतं," असं तिने सांगितलं. अशी पद्धत कुठेही नाही. मला ठाऊक आहे, मी सगळीकडे जोडलेला असतो.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी बाबांना म्हणणार नाही. अंगण होण्याची माझी तयारी होती. पण या कामात करवतीचं पातं गरगर फिरतं आणि बोटं त्याच्या अगदी जवळ असतात. एकदा आईने बाबांच्या अंगठ्याला पट्टी बांधली. "नुसतं खरचटलंय," बाबा म्हणाले. "नुसतं खरचटलंय," आईनेही मुलीला सांगितलं. मुलीने पट्टी पाहिली आणि मान हलवली. नखाचा कोपरा गेला होता.

आता त्या दिवसाकडे येतो. एका शिक्षिकाबाईंच्या नव्या घराचा ओटा होता. बाबांनी त्यासाठी जपून वाळवलेली एकसंध फळी काढली होती, सांधा नसलेली. अशी फळी पुन्हा मिळत नाही. तिला फक्त सिंकसाठी भोक पाडायचं राहिलं होतं. मुलगी मला घेऊन शेवटची खात्री करायला त्या घरी गेली. शिक्षिकाबाई भिंतीलगत उभ्या राहिल्या आणि त्यांनी हवेतच एक पातेलं घासून दाखवलं. डावा कोपर खाडकन भिंतीवर आपटला. बाई डावखुऱ्या होत्या.

"अगं, मी काय भिंत घासू का पातेलं?" त्या म्हणाल्या.

मुलगीही हसली आणि तिने माझ्यावर सिंक भिंतीपासून लांब सरकवलं. अडतीस सेंटिमीटरचे अठ्ठेचाळीस केले. पण त्या घरात इंटरनेट अजून यायचं होतं आणि जाड भिंतींमुळे तिच्या मोबाइलला जेमतेम बोलण्यापुरती रेंज होती. नवा आकडा माझ्याच पोटात राहिला. तिने घरी फोन लावला. एरवी ती "तुंबलंय" म्हणाली असती. पण नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात उभं राहून, घरमालकिणीच्या देखत, "तुंबलंय" कसं म्हणायचं? चारचौघांत नीट बोलायला गेली आणि घात झाला.

"आई, बाबांना सांग, सिंक बाकी आहे," ती म्हणाली. पुढचं "थांबायला सांग" फोन कटल्यामुळे भिंतीतच अडकलं.

यापुढचं मला बाबांच्या मोबाइलने सांगितलं. आमच्यात काही लपत नाही. आईने निरोप दिला, "ती म्हणते, सिंक बाकी आहे." बाबा म्हणाले, "तेवढंच तर बाकी आहे. मी काय विसरलोय? आत्ता पाडतो." आई गॅसवरचं दूध बघायला आत गेली. आकडा वाचायला कुणी नव्हतं, म्हणून बाबांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला, खिडकीकडे वळवला, परत डोळ्यांपाशी नेला. मग यंत्र सुरू केलं.

मुलगी परतली तेव्हा भोक पडलं होतं. ती दारातच थबकली.

"बाबा, मी थांबायला सांगत होते. आकडा बदललाय."

"तू तर सिंक बाकी आहे म्हणालीस!"

"ते सिंक नाही, हे सिंक!" तिने मला वर उचलून दाखवलं.

आई म्हणाली, "या मेल्या सिंकपायी एवढी फळी गेली." बाबांनी लगेच री ओढली, "यंत्रच जुनं झालंय. वेळेवर काही पोचवत नाही." मुलगी म्हणाली, "हो, नवीनच घेऊ या." पुन्हा एकमत. फळी वाया गेली होती, पण तिघांच्या चेहऱ्यांवर सुटल्यासारखं काहीतरी होतं. मला कळेना, एवढं नुकसान होऊन माणसं सुटतात कशातून?

मला पेटीत घालून वरच्या मांडणीवर ठेवलं गेलं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची निगा कशी राखायची ते तुम्हाला माहीतच आहे. काच मऊ कापडाने पुसा, बाहीने नाही. सांधा ओढू नका, उचला. जे महत्त्वाचं आहे ते एकाच ठिकाणी ठेवू नका, वर चढवा, म्हणजे एक पडलं तरी दुसऱ्यापाशी राहतं. आणि आमचं काही बिघडलं असं वाटलं तर जरूर ओरडा. पण त्याआधी, आमच्यासमोर जो बसलाय त्याच्याकडेही एकदा बघा. आम्हाला दुरुस्तीच्या दुकानात सगळेच नेतात. माणसाचं बिघडलं की घरचे सगळे हळू आवाजात बोलायला लागतात.

मांडणीवर मी फार काळ राहिलो नाही. नवं यंत्र घ्यायचं तर माझ्यातलं सगळं वर चढलंय ना, हे बघायला हवं होतं. त्या दुपारी मुलीने पेटी उघडली, मला जोडलं. टक्. तिने मला त्या वाया गेलेल्या फळीवरच ठेवलं. आई शेजारी पॉलिशचं फडकं घेऊन बसली होती, बाबा गुण्याने एका चौकटीचा काटकोन तपासत होते. मी उठलो, इंटरनेट धरलं आणि शिक्षिकाबाईंच्या ओट्याचे दोन्ही आराखडे शेजारी शेजारी मांडले. जुना, अडतीसचा. नवा, अठ्ठेचाळीसचा.

मुलीने पाहिलं. मग, उगीचच, टेप काढून फळीवर धरला.

भोक तेहेतीसवर होतं.

अडतीसवर असतं, तर दोष सिंकचा होता, माझा होता, शब्दाचा होता. पण तेहेतीस आम्हा तिघांपैकी कुणाच्याही पोटात कधी नव्हतं. पडद्यावरचे आकडे इंग्रजी. त्यातले आठ आणि तीन, नजर धूसर असली की, सख्खे भाऊ दिसतात.

टेप तसाच धरून मुलगी उभी राहिली. आई उठून आली, टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मीच..." मुलगी म्हणाली. "माझ्याकडूनच आधी कधीतरी चुकून तेहेतीस पडलं असेल."

"हो, तसंच असेल," आई म्हणाली. "नाहीतर या यंत्रानेच..."

"काय तेहेतीस?" बाबांनी विचारलं.

बाबा आले. त्यांनी टेपवर बोट ठेवलं, भोकाच्या कडेपर्यंत सरकवलं आणि तिथे थांबवलं. मग माझ्याकडे वाकले, नेहमीसारखे, नाक लावून. मी उजेड जेवढा होता तेवढा सगळा दिला. काचेवर वाफ धरली. या वेळी त्यांनी ती पुसली नाही. हात मागे घेतला आणि माझ्या बिजागरीवरून अंगठा फिरवला, त्या दुकानात फिरवला होता तसा.

"सांधा अजून घट्ट आहे," ते म्हणाले.

"बाबा, नवीन यंत्र घेऊ या, मग..."

"नवीन नको. याला धाड भरलेली नाही." बाबा स्टुलावर बसले. "याचं सगळं वर चढलं का?"

"चढलं."

"मग माझंही एक कधीचं तुंबलंय. तेही चढव."

"काय, बाबा?"

आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात पॉलिशने भरलेला होता, आणि या वेळी खरंच भरलेला होता.

"मला दिसत नाही गं."