नारळ फोडला तिथली ओल

मुंबईहून आणलेली सेकंडहँड गाडी रात्रभर नंदाखाल गावातल्या आमच्या अंगणात उभी होती. सकाळी सासऱ्यांनी चारही चाकांपुढे लिंबं ठेवली आणि पुढच्या डाव्या चाकाशी वाडीतला नारळ फोडला. मग वज्रेश्वरीच्या दर्शनाला निघायच्या घाईत सगळे आत बसले. सासरे पुढे, त्यांच्या मांडीवर माझी लेक आर्या.

मी नारळाची भकलं उचलायला वाकले आणि थबकले. चाकाच्या आतल्या बाजूलाही ओल होती.

"अहो, खाली काहीतरी गळतंय."

"नारळाचं पाणी आहे ते. बस आता, लतिका," म्हणत नवऱ्याने गाडी चालू केली.

माझं डोकंच फिरलं. नारळाच्या वाडीत वाढलेय मी, नारळाचं पाणी मला कोण शिकवणार? बाहेरच्या ओलीला एव्हाना मुंग्या लागल्या होत्या. आतल्या ओलीकडे एकही फिरकली नव्हती. मी बोट लावलं. तेलासारखं बुळबुळीत, वासाला उग्र. चाकाच्या आतून, ब्रेकच्या नळीवरून, अजून थेंब टपकतच होते.

मी बॉनेटवर हात आपटला. "आधी ब्रेक दाबून दाखवा! मग काय ते बोला."

माझं तोंड बंद करायला त्यांनी ब्रेकवर जोरात पाय दिला. तो थेट तळाला टेकला. त्यांनी गाडी बंद केली.

सासरे आर्याला घेऊन गुपचूप उतरले. मी चाकापुढचं लिंबू उचलायला गेले, तसे सासरे ओरडले, "राहू दे गं ते! सध्या गाडीला तेवढाच ब्रेक आहे."