जमिनीपासून चार बोटं

गाड्या तपासायचं काम मी एकतीस वर्षं करतोय. ब्रेक, दिवे, टायर, धूर. पास किंवा नापास, मधलं काही नाही. एकदा माझ्या बायकोचीच गाडी मी नापास केली होती, मागचा दिवा लागत नव्हता म्हणून. ही तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "गाड्यांवर जोर काढता. एखाद्या रस्त्याला नापास करून दाखवा की."

ही गेली त्याला आता पाच महिने झाले. दुखणं मणक्यात उतरलं होतं. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं आणि प्रत्येक खड्ड्याला ही ओठ दाबून धरायची. मी मुंगीच्या पावलानं गाडी चालवायचो. मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे. पण हळू चालवलं म्हणून खड्डा कोणाला माफ करत नाही.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, पंखे आणि एसी दुरुस्त करतो. तो एक दिवस हिच्या उशाशी बसून म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी बिनचाकाची गाडी करतो. जमिनीला टेकणारच नाही, मग खड्डा काय वाकडं करणार?" ही हसली. हिला वाटलं, धीर देतोय. तो धीर देत नव्हता, मनातल्या मनात मापं घेत होता.

गाडी तयार झाली ती गेल्या आठवड्यात. तोवर बसणारी उरली नव्हती. पण मेहुण्यानं तिच्या तपासणीचा रीतसर अर्ज केला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

"तुमचा मेहुणा ना? मग तुम्हीच बघा."

"साहेब, नात्यातलं काम मी बघणं बरं नाही."

"उलट बरं. नापास झाली तर भांडण घरातल्या घरात मिटेल."

मेहुणा टेम्पोतून गाडी घेऊन आला. एक खुर्ची, खाली दोन मोठे पंखे, भोवती रबरी झालर. पंखे सुरू केले की झालरीत हवा भरते आणि गाडी जमिनीपासून चार बोटं उचलली जाते. तो स्वतः वाळून काटकी झाला होता. गाडी झाल्यापासून भेटेल त्याला तो एकच वाक्य ऐकवत होता, "सहा महिने आधी झाली असती, तर ताईचे हाल झाले नसते."

"दाजी, पास झालीच पाहिजे," तो म्हणाला.

पास झाली म्हणजे काय, ते मला कळत होतं. ताईचे हाल टळले असते आणि ते आपल्या उशिरामुळे टळले नाहीत, हे कागदावर येणार. आपला गुन्हा शिक्क्यानिशी सिद्ध व्हावा म्हणून धडपडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि एखादी गाडी नापास व्हावी असं मला एकतीस वर्षांत पहिल्यांदाच वाटत होतं. तपासणाऱ्याला असं वाटणं बरं नव्हे. म्हणून मी ठरवलं, नेहमीसारखंच करायचं. ना कमी, ना जास्त.

कारकून बाई फॉर्म घेऊन बसल्या. "टायरची स्थिती?"

"टायर नाहीत."

"नाहीत असा रकाना नाही. चांगले किंवा झिजलेले."

"चांगले लिहा," मेहुणा म्हणाला. "झिजायचा प्रश्नच नाही."

त्यानं पंखे सुरू केले. बाईंचे सगळे फॉर्म उडाले आणि बाई त्यांच्यामागे. गाडी मात्र खरंच उचलली गेली. आमच्या कचेरीच्या अंगणाला पाणी वाहून जायला किंचित उतार आहे, तो कोणाच्या लक्षातही येत नाही. गाडीच्या आला. ती आपली आपण गटाराकडे निघाली.

"ब्रेक!" मी ओरडलो.

त्यानं पंखे बंद केले. गाडी खाली बसली आणि थांबली. "हाच ब्रेक!" तो ऐटीत म्हणाला. त्यात चूक काढता आली नाही. थांबली ती थांबली.

मग राहिली रुळांची चाचणी. आमच्याकडे जमिनीत एक खाच आहे, तिच्यात दोन लोखंडी रूळ. चाकं त्यांच्यावर घेऊन ब्रेक मोजतात. चाकं नसली तरी गाडी खाचेवरून न्यावी लागते, आणि तपासणाऱ्यानं स्वतः बसून न्यावी लागते. मी बसलो. पाठीला त्यानं मऊ स्पंज लावला होता, हिच्या मापाचा. मी नीट मावत नव्हतो.

मेहुण्यानं मागून हलकेच ढकलून सोडली आणि सपाटीवर गाडी लोण्यासारखी सरकली. खाचेवर आली आणि झालरीतली सगळी हवा त्या खाचेत निघून गेली. गाडी धाडकन खाली आदळली. चार बोटांवरून पडून काय होणार, असं कोणालाही वाटेल. माझी जीभ दातांखाली आली आणि कमरेतून कळ थेट डोक्यात गेली. माझा मणका धडधाकट आहे, तरी.

मेहुणा धावत आला. "ही खाच केवढी मोठी आहे, दाजी! रस्त्यावर असले खड्डे असतात का?"

"आमच्या दारात या, दाखवते," बाई फॉर्म गोळा करता करता म्हणाल्या.

त्यानं पुन्हा नेऊन बघायला लावलं. पुन्हा आदळली. तिसऱ्यांदा तो स्वतः बसला. खाली उतरला तेव्हा कमरेवर हात होता. तो खाचेच्या कडेला बसला.

"दाजी, सहा महिने आधी झाली असती तर?"

"तर हीही अशीच आदळली असती. माझ्या गाडीतल्यापेक्षा जोरात."

"नक्की?"

"आत्ता तीनदा बघितलंस की."

मी फॉर्म भरला. सपाट जागी तरंगते. खड्डा आला की हवा सुटते आणि बसणाऱ्याला जोराचा दणका बसतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर आजारी माणसाला नेण्यास निरुपयोगी. नापास. खाली सही केली.

त्यानं कागद हातात घेऊन सावकाश वाचला. पालथ्या हातानं नाक पुसलं.

"यावर साहेबांची पण सही लागते ना?"

"नापासला लागत नाही."

"तरी घ्या. तुम्ही माझी दया येऊन नापास केलीत, असं मला नंतर वाटायला नको."

साहेब जेवायला गेले होते. त्यांच्या दाराबाहेर बाक आहे. आम्ही दोघं कंबर सांभाळत त्यावर बसून राहिलो.