लाल दिवा म्हणजे थांबा

बाबांची हौस दांडगी, पण कॅमेऱ्याच्या बाबतीत त्यांनी एकच गोष्ट डोक्यात घट्ट बसवून घेतली होती: लाल दिवा म्हणजे थांबा. रस्त्यावर तसंच असतं, मग कॅमेऱ्यात वेगळं कशाला असेल? त्यामुळे सगळे ओळीने उभे राहिले, हसले, की बाबा बटण दाबून तो दिवा विझवायचे आणि अगदी मन लावून शूटिंग करायचे. काम झालं की पुन्हा बटण दाबायचे, दिवा लागायचा, आणि कॅमेरा खांद्याला लटकवून ते निवांत हिंडायचे. खरं शूटिंग सुरू व्हायचं ते तेव्हा! आता काय बोलणार?

त्या कॅसेटी घरात कुणी कधी लावून पाहिल्याच नव्हत्या. 'बघू की सावकाश' म्हणता म्हणता आई गेली, आणि मग कुणाची छाती झाली नाही. धाकटी तेव्हा रांगत होती.

इतक्या वर्षांनी थोरलीने त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या होत्या. जुना व्हीसीआर, त्यातून निघालेल्या तीन रंगांच्या वायरी, मध्ये एक डबी आणि पुढे कॉम्प्युटर. या कामात घाई चालत नाही. कॅसेट जेवढा वेळ चालते, तेवढाच वेळ ती उतरायला लागतो. समोर बसून राहायचं, बस्स. थोरलीने पडदे ओढून घेतले होते. दुपारचं ऊन त्यातून पिवळं होऊन खोलीत झिरपत होतं, आणि मॉनिटरवर फरशी वाहत होती. फरशी, मग उंबरठा, मग गवत, गवतावर पावलं. चेहरा म्हणून एक नाही. मधेच एक चेंडू यायचा, बाबांचा बूट त्याला हलकेच ढकलायचा, आणि तो गडगडत निघून जायचा तो जायचाच. बघता बघता थोरलीला वाटायला लागलं, आपण लहान लहान होत चाललोय, त्या पावलांच्या मधूनच कुठेतरी चालतोय.

"बाबा, धन्य आहे तुमची!"

"अगं, लाल म्हणजे थांबाच," बाबा आरामखुर्चीतून ठासून म्हणाले. चूक कबूल करतील तर ते बाबा कसले!

तिला खरं तर चेहरे नकोच होते. आईचे फोटो भिंतीवर होते. हवा होता तो आवाज. धाकटी लहानपणापासून विचारायची, "ताई, आई बोलायची कशी गं?" आणि थोरली सांगायची, "गोड." दरवेळी तेवढंच. कारण तिच्या कानांतूनही तो आवाज केव्हाच पुसला गेला होता, आणि हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. आज धाकटी तो ऐकायला येणार होती.

आवाज होते की! पावलांच्या वरून कुठूनतरी येणारे, दोन बायकांचे. एक आई, एक मावशी. पण कोणती कोण? मावशीही आता राहिली नव्हती. चपलांवरून ओळखावं, तर दोघी बहिणी खुशाल एकमेकींच्या चपला घालायच्या.

एक आवाज नाजूक, हसरा. दुसरा भरदार, सारखा कुणावर तरी डाफरणारा. 'टोपी कुठाय हिची?' 'पाण्यात जाऊ नका म्हटलं ना!' तो दुसरा ऐकला की थोरलीला उगीचच अवघडल्यासारखं व्हायचं.

"बाबा, यातली आई कोणती हो?"

बाबांनी स्पीकरला कान लावला. हल्ली त्यांना ऐकू कमीच यायचं. "सगळं पाण्याखालून आल्यासारखं येतंय गं," ते म्हणाले आणि पुन्हा आरामखुर्चीत जाऊन बसले.

धाकटीला सांगायचं काय? मला आईचा आवाज ओळखता येत नाही, असं? छे! थोरलीने मनाशी ठरवूनच टाकलं. नाजूक आवाज तोच आईचा. गोड म्हणून सांगितलं होतं ना, मग गोडच द्यायचा. कॅसेट संपली की तेवढाच तुकडा कापायचा आणि ऐकवायचा. कुणाला कळणार आहे? असं म्हणाली खरी, पण मन काही राजी होईना.

मॉनिटरवर आता एक पायरी आली. पायरीवर ऊन, आणि उन्हात दोन इवलीशी अनवाणी पावलं, बहुतेक थोरलीचीच. आणि तो दुसरा आवाज कडाडला, "अगं, ये ना आत! दारात काय उभी राहिलीस?"

"आले गं ताई!" दाराबाहेरून धाकटी ओरडली. "बुटाची नाडी तर सोडू दे! आल्या आल्या काय डाफरतेस?"

थोरलीने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

धाकटी एक बूट पायात, एक हातात अशी आत आली आणि तिथेच थबकली. "काय झालं? रडतेस काय?"

"मी नव्हते बोलले गं," थोरली कशीबशी म्हणाली. "आईने बोलावलं तुला."