तीन कोपऱ्यांचे कार्ड

मित्रांनो, मी एक जुने पोस्टकार्ड आहे. मला तीनच कोपरे आहेत. चौथा गेला म्हणून मला अशुभ म्हणणाऱ्यांनी आधी माझे ऐकून घ्यावे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरपूरजवळच्या एका खेड्यात लोटूने मला लिहायला घेतले. त्याची बहीण उज्ज्वला लग्न होऊन सुरतेला, डिंडोलीत राहत होती. त्यांचे वडील हिलालतात्या धुळ्याच्या दवाखान्यात होते आणि गावात फोन नव्हता. त्यामुळे तिचा सगळा जीव पत्राकडे लागलेला. लोटूने वर 'श्री' काढला, ताईला नमस्कार लिहिला, मजकूर लिहिला, पिन कोडसकट पूर्ण पत्ता घातला. शेवटी त्याचा शाईचा अंगठा कोपऱ्यावर उमटला. ताई गबाळा म्हणेल म्हणून त्याने तेवढा कोपरा फाडून टाकला.

कोपरा फाडलेले कार्ड मृत्यूची बातमी आणते, हे त्या पोराला कुणी सांगितलेच नव्हते. असे कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचतात आणि फाडून टाकतात.

डिंडोलीचे पोस्टमन भूपेंद्रभाई एरवी लांबूनच हाक मारत. त्या दिवशी ते मुकाट्याने आले. मी उघडे कार्ड, तरी त्यांनी मला वाचले नव्हते. दुसऱ्याचे पत्र वाचायचे नाही हा त्यांचा नेम, आणि तो चांगलाच होता.

"काळोतरी छे, बेन," एवढेच ते हळू बोलले. काळोतरी म्हणजे गुजरातीत मरणाची चिठ्ठी.

उज्ज्वलाने हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. सासूबाई प्रमिलाबाईंनी मला दोन बोटांत धरले, आंघोळीचे पाणी तापवायला सांगितले आणि वाचायचे कुणी यावरच घोळ सुरू झाला. शेवटी त्या म्हणाल्या, वाचून काय करायचे, समजले ते समजले. त्यांनी मला फाडायला घेतले. एवढी अक्षरे अंगावर असून मला कुणी विचारेना! माझा असा संताप झाला, की काय सांगू.

तेवढ्यात उज्ज्वलाने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आई, मना बापना गावनं कार्ड शे. वाचल्याशिवाय मी फाडू देणार नाही."

सून उलटून बोललेली त्या घराने पहिल्यांदाच ऐकली. तिने मला ओढून घेतले आणि वाचले, 'तात्या घरी आले. भाकरी चुरून खातात आणि चहात साखर कमी म्हणून आईशी भांडतात.'

ती उंबऱ्यावरच बसली आणि रडता रडता हसू लागली.

"त्या लोट्याले अक्कल शे का?" प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि शेजारणीही हसल्या. तरी सासूबाईंचा हेका सुटेना. बातमी चांगली असली तरी फाटका कोपरा घरात नको.

उज्ज्वला उंबऱ्यावरून उठली. तिने हळद भिजवली. लग्नाच्या पत्रिकेला लावतात तसे माझ्या तीन कोपऱ्यांना बोट लावले आणि चौथे बोट फाटक्या कडेला. मग घरातल्या पत्रांच्या तारेत मला सगळ्यांच्या पुढे ओवले.

मित्रांनो, पत्र लिहिताना चूक झाली तर खोडा, कोपरा फाडू नका. कुणी जीव मुठीत धरून ज्या बातमीची वाट बघत असेल, ती पहिल्या ओळीत सांगा. दुसऱ्याचे पत्र वाचू नका, आणि आपले आलेले पत्र कसेही दिसो, आधी वाचा, मग रडा.

माझी शाई आता उडाली आहे. फाटक्या कडेवरची हळद मात्र तशीच आहे. आता या, आणि मला अशुभ म्हणून दाखवा.