लख्खशेठचं मशीन

गवत कापायचं मशीन धुवावं कसं, हे तिला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी शिकवलं गेलं, आणि तेही अंथरुणावरून ओरडून. आधी नळाला पाइप लावायचा. मशीन मागे कलतं करायचं. पात्याच्या वर पालथ्या परातीसारखं पत्र्याचं जे कवच असतं, ज्याला मिस्त्री लोक डेक म्हणतात, त्याच्या पोटात चिकटलेलं ओलं गवत धारेने उडवायचं. मग वरून धुवायचं, चाकं धुवायची, आणि धूळ बसायच्या आत जाड प्लास्टिक टाकून दोरीने करकचून बांधायचं. यात जरा काही राहिलं की खिडकीतून आवाज यायचाच.

"अगं, तो डावीकडचा कोपरा कोण धुणार? शेजारी?"

खिडकीतल्या माणसाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, उभी हयात धुण्यात गेली होती. दुधाच्या डेअरीत स्टीलच्या मोठाल्या टाक्या असत, त्या तो धूत असे. टाकी रिकामी झाली की लगेच धुवायची, धुतली की लगेच झाकायची, नाहीतर दुसऱ्या दिवशीचं दूध नासलंच म्हणून समजा. आपण धुतलेल्या टाकीत बघून साहेब लोक भांग पाडायचे, असं तो सांगे, आणि सांगताना स्वतःच्या टकलावरून हात फिरवी. डेअरीत त्याला लख्खशेठ म्हणत. डेअरी बंद पडल्यावर त्याने हे मशीन घेतलं, मोठ्या इस्पितळाच्या आवारातली हिरवळ कापायचं काम धरलं, आणि टाकीची सगळी शिस्त मशीनला लावली. गल्लीतले लोक हसायचे. बायकोला इतकं जपलं असतं तर, असं तिच्या तोंडावर म्हणायचे, आणि तीही त्यांच्यात मिसळून हसायची.

मग एका सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून पडला आणि डावी बाजू गेली. ज्या इस्पितळाचं गवत तो कापत होता, त्याच इस्पितळात तो महिनाभर पडून राहिला. डॉक्टरांनी शेवटी तिला बाजूला घेऊन सांगितलं की जेवढं परत यायचं होतं तेवढं आलं, आता याच्यापुढे आशा धरू नका. बाजूला घेतलं तरी आवाज काही बाजूला जात नाही. त्याने ते ऐकलं. घरी आल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडे. चार घास खायला तास लावी, विचारलं तर उत्तर देत नसे. दिवसभर असं, आणि संध्याकाळी ती मशीन घेऊन अंगणात शिरली की मात्र उजव्या हाताने खिडकीचा गज धरून हा माणूस कूस बदलायचा. तेवढा अर्धा तास तो जिवंत असायचा. ओरडायचा, चुका काढायचा, कधी कधी शिवीसुद्धा द्यायचा. ती शिवी ऐकून तिला बरं वाटे. बाईला वेड लागलंय असं कुणाला वाटलं असतं, पण दिवसभर भिंतीशी संसार करून बघावा म्हणजे कळतं.

मशीन ती चालवू लागली तेव्हा इस्पितळातल्या आया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पुढे सगळ्या तिला मशीनवाली म्हणू लागल्या आणि हसणं थांबलं. काम चाललं होतं. या घरात येणारं जे काही होतं ते त्या मशीनच्या पोटातून येत होतं.

एका दुपारी मशीन कर्कश्श किंचाळलं. डेकची एक बाजू तुटून आत लोंबली होती आणि पातं तिच्यावर आदळत होतं. तिने इंजिन बंद करेपर्यंत एक खडा सुटला आणि तिच्या पोटरीला लागला. वरच्या खिडक्यांतून पेशंट डोकावले. सुपरवायझर धावत आला. आधी तिच्या पोटरीकडे बघून त्याने मलमपट्टी करायला सांगितलं, माणूस वाईट नव्हता, पण मग म्हणाला, "मावशी, हा खडा एखाद्या पेशंटला लागला असता तर? सोमवारपर्यंत नीट करून आणा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मग माझ्यावर रागावू नका."

नवं मशीन तर स्वप्नातही येणार नव्हतं. तिने मशीन हातगाडीवर घातलं आणि थेट वेल्डिंगवाल्याकडे नेलं. त्याला सगळे फुंकर मिस्त्री म्हणत, कारण समोर काहीही ठेवलं तरी तो आधी त्यावर फुंकर मारी, मग बघे. गिऱ्हाइकाने दिलेल्या नोटेवरही मारी.

फुंकर मिस्त्रीने प्लगची वायर काढली, मशीन आडवं केलं, फुंकर मारली आणि स्क्रू-ड्रायव्हर डेकला टेकवला. नुसता टेकवला. तो पत्र्यातून आरपार गेला. त्याने दुसरीकडे टेकवला, तिथेही गेला. खवल्यासारखे तांबडे पापुद्रे त्याच्या मांडीवर पडले.

"वहिनी, हे कुठल्या विहिरीतून काढलंत?"

"विहिरीतून कशाला? रोज धुते मी. एक दिवस खाडा नाही." आणि तिने अभिमानाने सगळी पद्धत सांगितली. धार कशी मारायची, पोट कसं धुवायचं, प्लास्टिक कसं ओढायचं, गाठ कशी मारायची. डेअरीचंही सांगितलं. मिस्त्री आधी हसत ऐकत होता. प्लास्टिकपाशी आल्यावर त्याचं हसणं गेलं.

"ओलंच झाकता?"

"मग? धूळ नाही का बसणार?"

"अहो, लोक उकिरड्यावर टाकतात ती मशीनंसुद्धा एवढी सडत नाहीत." त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "दादांच्या टाक्या स्टीलच्या. त्यांना पाण्याचं भय नाही. हा साधा पत्रा. रंग जरा उडाला की पाणी आत शिरतं, आणि वरून तुम्ही प्लास्टिक बांधता. रात्रभर आत वाफ. घाण नाही हो खात पत्र्याला, पाणी खातं. गवत लाकडाच्या पट्टीने खरवडायचं, कोरडं पुसायचं, हाताला लागेल ते तेल चोळायचं आणि वाऱ्यावर उभं करून ठेवायचं. बस. न धुता ठेवलं असतं तरी याहून जास्त टिकलं असतं."

तिला तिथल्या स्टुलावर बसावंच लागलं. पोटरीची जखम ठणकत होती, पण ती त्यासाठी बसली नव्हती. पावसात, थंडीत, अंगात कणकण असताना, बोटं गारठून वळत नसताना तिने ते मशीन धुतलं होतं. रोज एवढ्या प्रेमाने त्या दोघांनी मिळून ते मारलं होतं.

मिस्त्रीने सडका पत्रा ग्राइंडरने कापायला घेतला. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, असा त्याचा हिशेब, पण चांगला पत्रा लागेचना. बोटभर भोक तळहाताएवढं झालं, तळहाताचं ताटाएवढं. वेल्डिंगचा रॉड टेकवला की पातळ पत्रा विरघळायचा आणि एका भोकाची दोन भोकं व्हायची. मिस्त्री दात-ओठ खात होता. शेवटी जिथे पत्र्यात जीव होता तिथे टाके मारले, जिथे नव्हता तिथे रिव्हेट ठोकले, आणि आतून दोन मोठे पॅच बसवले. मग तारेच्या ब्रशने घासून, तांबडा प्रायमर लावून, वर काळा रंग दिला. लांबून बघणाऱ्याला मशीन नवं वाटलं असतं.

"हे शेवटचं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी जोड धरायला मूळ पत्राच उरायचा नाही. आणि इंजिनाच्या बोल्टपर्यंत गंज गेला, की मी सोडा, देव आला तरी हात लावणार नाही. कोरडं ठेवलंत तर काही वर्षं काढेल. पण त्या पॅचच्या मागे पाणी जाऊ देऊ नका. तिथे गेलेलं पाणी वाळत नाही."

वाटभर ती मनाशी वाक्य जुळवत आली. अहो, आपलं जरा चुकलंच. अहो, मिस्त्री काय म्हणाला ठाऊक आहे? अहो, पत्रा वेगळा आणि स्टील वेगळं. त्यातलं कुठलंच वाक्य बरं वाटत नव्हतं. हातगाडी अंगणात आली तेव्हा तो खिडकीत होताच. तोंड निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखं झालं होतं.

"काय म्हणाला फुंकऱ्या? कशाने झालं?"

तिने तोंड उघडलं. समोर तो होता, त्याच्यामागे भिंत होती, आणि ज्या जागी तो रोज डोकं टेकायचा तिथे भिंतीला पडलेला तेलकट डाग होता.

"म्हणाला, धुण्यात हयगय झाली."

"बघ!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. "मी काय सांगत होतो? कोपरे सोडत होतीस तू! मला इथून दिसत नाही असं वाटत होतं तुला? टाकी असती ना, त्याच दिवशी घरी पाठवलं असतं तुला!" अर्ध्या तोंडाने तो बोलत होता आणि लाळ गळत होती, पण डोळे लकाकत होते. "चहा टाक. आणि काहीतरी खायला दे. उद्यापासून मी स्वतः बघणार आहे."

त्या दिवशी त्याने पोटभर खाल्लं. ती कपबशी विसळताना रडली. तो जेवला म्हणून रडली, आणि तिला त्याचा इतका राग आला होता की हातातली बशी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली, म्हणूनही रडली.

सोमवारी सुपरवायझरने मशीन वाकून पाहिलं आणि मान डोलावली. वर म्हणाला, "मावशी, रोज घरापर्यंत कशाला ओढता? आमच्या स्टोअरमध्ये कोपरा आहे, ठेवत जा. कोरडी जागा आहे." तिला वाटलं, देवच भेटला. मशीन वाचलं, काम वाचलं, खोटंही निभावलं. त्या संध्याकाळी ती रिकाम्या हातांनी घरी आली.

"मशीन कुठंय?"

"इस्पितळाच्या स्टोअरमध्ये. तिथेच पुसून ठेवलं. तेवढीच ओढाताण वाचली."

तिने चहा आणला, बिस्किट बुडवून तोंडाशी नेलं. त्याने गज सोडला आणि भिंतीकडे वळला. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशीही तसाच, आणि अंथरूण ओलं झालं तरी सांगितलं नाही. ती चिडली, भांडली, विनवण्या केल्या. "अहो, एक शिवी तरी द्या," असं ती म्हणाली. भिंतीने जेवढं उत्तर दिलं असतं तेवढंच त्याने दिलं.

चौथ्या दिवशी काम संपल्यावर ती स्टोअरच्या दारात बराच वेळ उभी राहिली. कोपऱ्यात मशीन होतं. कोरडं, तेल चोळलेलं. हे इथेच ठेवलं तर दोघांपुरतं घरात येत राहील, पण तो खाणार नाही, आणि घरी नेलं तर तो खाईल. पण पत्रा सडेपर्यंतच, हे मिस्त्रीने सांगितलंच होतं. त्यानंतर दोघांनी काय खायचं? तिने मशीनचा दांडा धरला.

चाकांचा आवाज गल्लीत शिरला आणि खिडकीत हात आला. मग कपाळ आलं, मग डोळे.

"चिखलात लोळवून आणलंस की काय!" तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. तीन दिवस वापरलेला नव्हता. "पाइप लाव."

तिने पाइप लावला. वरवर धार मारून भागवावं म्हणून ती चाकांशी घुटमळू लागली.

"चाकं नंतर. पोट धू. कलतं कर."

तिने कलतं केलं. फडकं कमरेला खोचलं होतं तिकडे हात गेला, तर तो लगेच कडाडला, "फडकं नको! धागे अडकतात. पाणी मार, पाणी. तो नवीन पत्रा लावलाय ना, तिथे घाण बसते. जवळून मार."

ती जवळ गेली. पॅचच्या कडेला पत्रा आणि पत्रा यांच्यामध्ये नखाएवढी फट होती. तिने धार तिथे धरली. पाणी फटीत शिरताना सुर्र असा आवाज झाला, आणि जरा वेळाने खालच्या बाजूने तांबूस होऊन ओघळू लागलं.

"बघ, बघ, घाण निघतेय," तो आनंदाने म्हणाला. "किती दिवसांची साचलीय. थांबू नकोस."

"हो," ती म्हणाली. "निघतेय." आणि तिने नळ आणखी सोडला.