चेहरा दे गं जरा

"आत्या, आरशात बघताना तुला स्वतःचीच भीती वाटते का गं?"

विचारलं एकदाचं! सायरन आणि बुटकी या माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती, की हिची काही हिंमत होणार नाही. आणि माझी हिंमत म्हणजे या वर्षी नुसती उतू चाललेली. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणालाही काहीही विचारू शकते असं मला वाटायला लागलं होतं. पण प्रश्न तोंडातून सुटला आणि तो परत गिळता आला तर बरं, असं वाटलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच, मागच्या खोलीत राहते. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाल्यावर तोंडातल्या तोंडात जे काही बोलून रेकॉर्ड करतात, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं, हे तिचं काम. माझा जन्म व्हायच्या आधीपासून ती हेच करतेय. आमच्या परीक्षेच्या सुमारास एका सकाळी ती उठली ती चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडूनच. नसेचं दुखणं होतं. जिवावरचं टळलं, पण ओठ उजवीकडे ओढला गेला आणि डावा डोळा मिटेनासा झाला. तो ती अधूनमधून बोटाने मिटते.

माझ्या प्रश्नावर ती रागावली नाही. उजव्या बाजूने हसली. "आरसा बिचारा गप्प बसतो. मला भीती त्या मशीनची वाटते. ते तोंडावर सांगतं."

ते मशीन म्हणजे तिचा कॉम्प्युटर. त्यावर पासवर्ड टाइप करायचा नसतो. समोर बसलं की वरचा बारीकसा कॅमेरा चेहरा बघतो आणि आपोआप उघडतं. पासवर्ड कधीकाळी घातला होता म्हणे, पण वर्षानुवर्षं लागलाच नाही, तो ती कधीच विसरून गेलेली. आजारपणानंतर ती पहिल्यांदा कामाला बसली तेव्हा पडद्यावर गोल चक्र फिरलं, फिरलं, आणि अक्षरं उमटली, 'ओळख पटली नाही.'

तिने केस नीट केले, दिवा लावला. ओठ बोटाने उचलून धरला. 'ओळख पटली नाही.'

मी तेव्हा टेबलाखाली तिच्या डोळ्याच्या थेंबांची बाटली शोधत होते. सापडली तशी डोकं वर काढलं, नेमकं कॅमेऱ्यासमोर. टिंग! 'स्वागत आहे', आणि खाली आत्याचं पूर्ण नाव.

आत्याने आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मला बघून उघडलं," मी पुटपुटले.

"आपल्या घराण्याचं नाकच तसलं, कुठेही खुपसलं जातं," आत्या म्हणाली. पण ओठाला लावलेलं बोट तिने अजून काढलं नव्हतं.

बाबांना हे कळल्यावर ते म्हणाले, "ताई, दुकानातल्या त्या माणसाला आणतो. फायली काढून घेईल, सगळं पुसून नव्याने चालू करून देईल. आहे काय त्यात?"

"पुसायचं नाही."

"अगं, पण..."

"नाही म्हटलं ना एकदा!"

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा आधीचा चेहरा आता तेवढा तिथेच उरलाय."

"फोटो आहेत की ढीगभर."

"फोटो मला ओळखत नाहीत गं."

झालं! रोज शाळेत जायच्या आधी हाक यायला लागली, "चेहरा दे गं जरा." मला आधी मज्जाच वाटली. मैत्रिणींना मी फुशारक्या मारल्या, की मी आत्याची किल्ली आहे. पण एक गोम होती. मी हसले की ते उघडायचं नाही. दात काढले, नाही. भुवया नाचवल्या, नाही. मग आत्याने शिकवलं, "हनुवटी खाली घे. मान थोडी उजवीकडे. कुणीतरी लांबून पुटपुटतंय आणि तुला ते ऐकायचंय, असं समज." तसं केलं की टिंग!

मग ते मला जमायला लागलं. जरा जास्तच जमायला लागलं.

एकदा सायरन म्हणाली, "ए, तू अशी काय ऐकत बसतेस? कोण बोलतंय?" कुणीच बोलत नव्हतं. मी आपली हनुवटी खाली, मान उजवीकडे. बुटकीने सहलीचे फोटो दाखवले. सगळ्या खिदळतायत, आणि मध्ये मी, शाळेचा गणवेश घातलेली एक मध्यमवयीन बाई. दोघी हसल्या. मीही हसायला गेले, तर गाल उचलायलाच वेळ लागला.

त्याच आठवड्यात मी मशीन उघडून देऊन तशीच खुर्चीत बसले होते. आत्या अंघोळीला गेली होती. मागून आई आली.

"ताई, औषध घेतलंत का?"

"घेतलं," मी म्हणाले.

अगदी सहज म्हणाले, जणू खरंच घेतलं होतं. खुर्ची वळली तेव्हा आई दारात भिंतीला हात लावून उभी होती. "ऊठ तिथून," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आधी ऊठ."

दुसऱ्या दिवशीपासून मी आरशासमोर वेडेवाकडे चेहरे करून बघायला लागले. जीभ बाहेर, गाल फुगवलेले, डोळे तिरळे. सगळे जमत होते. पण थांबलं, की चेहरा आपोआप त्याच जागी जाऊन बसायचा. वक्तृत्वाच्या बाईही म्हणाल्या, "भाषण छान आहे तुझं, पण तू आहेस कुठे त्यात?"

आणि मग आजची संध्याकाळ. कबड्डीचा सामना जिंकून आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. कित्येक दिवसांनी मला पोट दुखेपर्यंत हसू आलं होतं. ते हसू घेऊनच मी आत्याच्या खोलीत घुसले, तिला सांगायला. ती मशीनपुढे बसली होती, पडदा पुन्हा कुलूपबंद झालेला. मी तिच्या खांद्यावरून वाकून ओरडले, "जिंकलो!" माझं तोंड कानापर्यंत फाकलेलं, केस पिंजारलेले, कपाळावर माती.

टिंग! 'स्वागत आहे', आणि आत्याचं नाव.

दोघी पडद्याकडे बघत राहिलो. रोज उघडताना ते मशीन थोडं थोडं माझा चेहरा शिकत गेलं होतं. आता त्याला हनुवटी नको होती, मान नको होती.

"मी अशी कधी हसलेच नव्हते," आत्या हळूच म्हणाली. तिने हेडफोन टेबलावर ठेवले. "म्हणजे तिथूनही गेले मी."

मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या खोलीतून पळून जावंसंही वाटलं. तिने डाव्या डोळ्यावर बोट ठेवून तो मिटला. दुसरा उघडाच होता, माझ्यावर.

"आता काय राखायचंय तिथे," ती म्हणाली.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती, बाबा भाजी निवडत होते.

"बाबा, त्या दुकानातल्या माणसाला बोलवा. सगळं पुसू दे."

"आणि ताई?"

"तीच म्हणाली, आता तिथे राखायचं काही नाही. नव्याने नोंद करायची आणि कॅमेऱ्यासमोर ती बसेल. आत्ता आहे तशी. ओठबिठ उचलायचा नाही. मी त्या खोलीत थांबणार नाही, दारातसुद्धा नाही. यापुढे तिने कितीही हाका मारल्या तरी मी चेहरा देणार नाही, आणि तुम्हीही मला पाठवायचं नाही."

आईचे हात कणकेतच थांबले. बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं, बघतच राहिले, जणू मीच आहे ना याची खात्री करत होते.

"आणि सकाळी लवकर बोलवा," मी म्हणाले. "तिचं काम खोळंबायला नको."