सड्यावरच्या घराचं पाणी

महिपत मे महिन्याच्या रजेवर आला तो घर खिशात घालूनच. तो कामाला होता त्या मुंबईच्या गिरणीत कापडाच्या ठाणावर चिकटवायचं रंगीत चित्र असतं ना, त्याच्या कोऱ्या पाठीवर त्याने शिसपेनीने नकाशा काढला होता: ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि समोर लांबलचक गॅलरी. घर बांधायचं कुठे, तर गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या सड्यावर, जिथे जांभा दगड आणि वारा यांखेरीज काही नव्हतं. मुंबईत एका खोलीत बारा जणांबरोबर पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसाला वाऱ्याचं वेड लागलं तर त्यात नवल नाही. गावाने तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि माना डोलावल्या. अशी गॅलरी राजापूरच्या पेठेतही नाही, असं धाकू सुताराने सांगितलं.

विहीर कुठे, हे मात्र एकानेही विचारलं नाही. विचारलं ते त्याच्या बायकोने, गोदाने.

"अवो, आनि पानी?"

"पान्याचं काय एवढं? गावातनं आनायचं," महिपत नकाशावरून मान वर न करता म्हणाला. "वाट हाय की."

आणायचं कुणी, ते सांगायची गरज नव्हती. महिपत वर्षातले अकरा महिने मुंबईला, सड्यावर वारा खायला एक महिना. आणि गोदा बाराही महिने डोक्यावर हंडा घेऊन तो चढ चढणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण गोदा भांडणारी बाई नव्हती. भांडणाऱ्या बायकांचं नवरे सवयीने ऐकेनासे होतात, असं तिचं मत होतं. ती उठली आणि भिकाजी गुरवाच्या बायकोकडे, मालनकडे गेली.

त्या गावात देवाला विचारल्याशिवाय कुणी गोठ्याची मेढदेखील रोवत नसे. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना एकेक ओली पाकळी चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता देऊळ झाडणाऱ्या मालनला आणि सारवायला जाणाऱ्या गोदाला एक गोष्ट ठाऊक होती. समई उजव्या अंगाला असायची आणि तिच्या धगीने उजवी पाकळी आधी सुकायची. त्यामुळे हा देव सहसा कुणाला नाही म्हणत नसे, आणि पंचक्रोशीत त्याचं फार चांगलं नाव होतं.

"म्हाराजा, महिपतनं सड्यावर घर बांधावं काय?" भिकाजीने विचारलं. उजवी पडली. महिपतने सगळ्यांना गूळ वाटला. तेवढ्यात मालनने नवऱ्याला कोपर मारलं, तसा भिकाजी खाकरला आणि त्याने नव्या पाकळ्या लावल्या.

"आनि पाया भरंपर्यंत चिखलाचं पानी घरधन्यानं सोता डोकीवरनं आनावं काय? दुसऱ्या कुनाचा हात लागू नये, असं काय?"

देवाने त्यालाही होकार दिला. पहिला कौल आनंदाने घेणाऱ्या महिपतला दुसरा झिडकारता येईना, तेही तोंडात गूळ असताना.

दुसऱ्या दिवसापासून महिपत हंडा वाहू लागला. अर्धं पाणी वाटेवर, पाव त्याच्या सदऱ्यावर, उरलेलं चिखलात. केरू गवंडी सावलीत बसून विडी ओढायचा आणि "चिखल सुकला हां," एवढंच म्हणायचा. हात लावायला बंदी म्हणून गोदा रिकामीच मागून चालायची. नवऱ्याची फजिती डोळे भरून पाहायची, हाच तिचा बेत होता.

पण तिथेच घोटाळा झाला. लग्न झाल्यापासून ती हा डोंगर चढत-उतरत होती, पण चढताना कापणीची घाई आणि उतरताना डोक्यावर गवताचा भारा; तेव्हा दिसायचे ते फक्त स्वतःचे पाय. काम नसताना वर येऊन तिने पहिल्यांदाच मान उचलली. खाली अर्जुना नदीचं वळण होतं, पलीकडे टेकड्या आणि अगदी शेवटी समुद्राची बारीक रेघ. पदरात वारा भरला. तिला ते फार आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

पाचव्या दिवशी महिपतने हंडा खाली ठेवला आणि स्वतःही मटकन खाली बसला.

"गोदे, घर खालीच बांधू. विहिरीला लागून."

हेच तर तिला हवं होतं. तिने समुद्राच्या रेघेकडे पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. "घर हयच होयाचं. देवानं सांगितलंय."

"आनि पानी?"

"तेच तर मी इचारलं होतं."

महिपतने हंडा बाजूला सरकवला. मग मानेवरून हात फिरवत हळू म्हणाला, "चुकलं माझं." लग्नानंतर हे शब्द गोदाने पहिल्यांदाच ऐकले. तिला हसायचं होतं, पण तिने पदराचं टोक घाम पुसायला त्याच्यापुढे धरलं.

तोडगा काढला केरूने. विडी विझवून तो म्हणाला, "चिरे खानीतनंच काढायचे ना? मग खान हयच उभी खनू. विहीर खाली जाईल, तसं घर वर येईल."

तसंच झालं, पाया भरेपर्यंत हंडा महिपतनेच वाहिला, फक्त विहिरीला पाणी लागेना. पहिल्या उन्हाळ्यात निघालेल्या चिऱ्यांत पाया भरून भिंती कमरेपर्यंत आल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या आढ्याला टेकल्या, गॅलरी झाली, तरी विहीर कोरडीच; बिऱ्हाड वर आलं आणि गोदा गावातून हंडे चढवू लागली. तिसऱ्या उन्हाळ्यात चिरे ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडला. मग गोठा झाला, न्हाणी झाली, कुणी बाळंतीण नसताना बाळंतिणीची खोली झाली. पाणी आणखी दोन वर्षं लागलं नाही तर महिपतचा राजवाडा होणार, असं गाव म्हणू लागलं. बेचाळिसाव्या हातावर केरू आतून पाणी लागल्याचं ओरडला, तेव्हा महिपत रजेवर घरीच होता.

पहिला हंडा गोदाने भरला. डोक्यावर घेतला आणि निघाली. विहिरीपासून उंबरठा दहा पावलांवर होता. ती उंबरठ्यापाशी आली, थांबली नाही, चढाच्या सवयीने तशीच पुढे चालत राहिली; गोठा मागे पडला, कुंपण आलं. तिथे तिला कळलं, की आपण केव्हाच पोचलो होतो. ती वळली. दारातल्या महिपतने ते पाहिलं होतं. तो हसला नाही, नुसता बाजूला झाला आणि तिला आत यायला वाट दिली.